सतरावा खांब

मागच्या वर्षी आमच्या तिसगावात भित्र्या माणसाचं नाव ज्ञानेश्वरी होतं. म्हणजे माझं. क्रिकेट खेळणारी पोरं एकमेकांना ओरडायची, "ज्ञानेश्वरीवानी ऐन टायमाला बसू नको रे!" मी ऐकायची, दात-ओठ खायची आणि पुढं जायची. काय बोलणार? बसले तर होतेच मी.

पोलीस भरती होती, नगरला. मुलींना आठशे मीटर, मैदानाच्या दोन फेऱ्या, वीस गुण. पावणेदोन फेऱ्या मी अशी पळाले की बघणारे टाळ्या वाजवत होते. शेवटचं वळण संपलं, समोर पांढरी रेघ दिसत होती, फार तर पन्नास मीटर, आणि पाय गेले. दम कोंडला, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. मी मटकन खाली बसले. उठून कशीबशी चालत रेघ ओलांडली, पण चार गुणांनी माझं नाव यादीतून गेलं.

मला पळायला लावलं ते नानांनी. नाना म्हणजे माझे चुलते, रंगनाथनाना. वडील गेल्यापासून तेच बघतात आमचं. वीज मंडळात तीस वर्षं वायरमन होते, आता रिटायर झालेत. आमच्या मळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं लाईन गेलीय, तिचे खांब दाखवून ते म्हणाले होते, "दोन खांबांत पन्नास मीटर. सोळा खांब म्हंजी आठशे. झाला तुझा ट्रॅक!" वायरमननं खांब मोजले, त्याच्यापुढं कोण तोंड उघडणार? दोन वर्षं मी पहिल्या खांबापासून सोळाव्यापर्यंत पळाले. सोळाव्यापाशी नाना घड्याळ धरून उभे असायचे. वेळ इतकी झकास यायची की ते मिशीला पीळ द्यायचे.

आणि मैदानावर तो तमाशा झाल्यावर तेच पारावर बसून सांगायला लागले, "तयारीत कसर न्हवती. पोरगी शेवटाला भ्याली."

नाना म्हणाले म्हणजे खरंच असणार, असं मीही धरून चालले. आणि गंमत बघा, तोवर नव्हती ती भीती त्यानंतर खरोखरची आली. चौदावा खांब दिसला की पोटात गोळा. पंधराव्याला तळहात ओले. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, दंडाला काळा दोरा बांधला. तसूभरही फरक पडला नाही. मोबाईलमध्ये अंतर मोजायचं ॲप घेतलं, तर ते मेलं रोज साडेसातशेच्या आसपास दाखवायचं. नानांना दाखवलं तर केवढ्यानं भडकले! "खांब मी रवलेत का तुझ्या मोबाईलनं?" मी मोबाईल परत खिशात घातला.

जानेवारीत टोमॅटोला बांबू लावत होतो. आई, छबूबाई तिचं नाव, शाळेची पायरी चढलेली नाही, पण रानातला हिशोब तिच्या बोटांवर. एक सरी बांबू ठोकून झाले. आई कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सोळा बांबू झाले. पंधरा गाळ्यांना सुतळी पुरंल का गं?"

मी म्हटलं, "पंधरा कसे? सोळा की."

"येडी का खुळी! दोन बांबूंत गाळा एक. तीनात दोन. मग सोळात किती?"

माझ्या हातातली सुतळी खाली पडली. आई मागून "अगं, कुठं चाललीस?" म्हणत राहिली, मी बांधावरून तशीच नानांच्या घरी.

नाना ओट्यावर चहा पीत होते. मी विचारलं, "नाना, सोळा खांबांत गाळे किती?"

त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पंधरा."

"मग दोन वर्षं मी साडेसातशेच पळाले! पुढच्या पन्नासाची माझ्या अंगाला ओळखच नव्हती. आणि गावभर भित्री कोण? मी?" शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल इतक्या जोरात मी ओरडले. नानांपुढं आवाज चढवायची आयुष्यातली पहिलीच वेळ.

नाना एवढंच म्हणाले, "उद्यापास्नं सतराव्या खांबाजवळ हुभा ऱ्हातो."

मला वाटलं, सुटलं कोडं. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सोळाव्या खांबाला पाय आपोआप थांबले. तिसऱ्या दिवशी तेच. चूक नानांची होती हे डोक्याला पटलं होतं, पायांना कोण पटवणार? आता ती भीती माझी झाली होती. पुढच्या भरतीला दीड महिना उरला होता आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की यंदा पुन्हा बसले तर पळणं कायमचं बंद. दुसऱ्यांदा ते हसू ऐकून घ्यायची माझ्यात ताकद नव्हती.

आठव्या दिवशी मी सोळाव्या खांबाला टेकून ढसाढसा रडले. रडून झाल्यावर इतका राग आला, इतका राग आला, की म्हटलं, जिथं पाय थांबतात तिथूनच सुरुवात करू. त्या दिवशी पळालेच नाही. सोळाव्यापासून सतराव्यापर्यंत नुसती चालले, परत आले, पुन्हा गेले. वीस खेपा. रस्त्यानं जाणारा दुधाचा टेम्पो थांबवून एकानं विचारलं, "ताई, काय हरवलंय का?" मी म्हटलं, "व्हय, घावंल आता."

मग तिथूनच उलटी पळायला लागले. सतराव्याकडून पहिल्याकडं. पंधरा दिवसांनी पुन्हा सुलटी. सोळावा यायचा, तशी भीतीही यायची, दम कोंडायचा. मी मोठ्यानं म्हणायची, "आलीस का? ये. मला अजून एक गाळा पळायचाय." ती जायची नाही. पण मी थांबायची बंद झाले. नाना सतराव्यापाशी घड्याळ धरून उभे असायचे. मिशीला हात लावायचे नाहीत.

भरतीच्या दिवशी उमेदवारांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. नाना गेटबाहेर राहिले. माझ्या गटात वीस मुली. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीचं शेवटचं वळण संपलं आणि ती आली, अगदी ठरल्या जागी. तोंड कोरडं, पाय शिशाचे. गेल्या वर्षी बसले होते ती जागा समोर दिसली. मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "न्हाई बसत जा!" कडेचा एक हवालदार दचकला. रेघ ओलांडली तेव्हा माझ्यापुढं फक्त दोघी होत्या. वेळ ऐकली आणि मी मांड्यांवर हात ठेवून वेड्यासारखी हसत सुटले. त्या वेळेला पुरते वीस गुण होते.

गेटबाहेर नाना कट्ट्यावर बसले होते. मी वेळ सांगितली. "शाब्बास" म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. खांदे हलत होते.

"नाना, आता काय झालं?"

"ज्ञाना, मला ठावं हुतं गं." टोपीआडूनच बोलले. "मागच्या साली तू बसलीस ना, त्याच दिशी सांजच्याला जाऊन टेपानं मोजलं मी. पंधरा गाळे. तीस वर्सं खांबांवर चढलो आन् मला मोजता येईना? लोक काय म्हनतील म्हनून भ्यालो. तुला भित्री म्हनलो आन् गप बसलो."

वर्षभर. वर्षभर मी दंडाला काळा दोरा बांधून हिंडले होते. तोंडात शिव्या आल्या, खरं सांगते. ते तिथं बसले होते, अडुसष्ट वर्षांचे, नाक पुसत.

मी म्हटलं, "उठा. हे पारावर सांगायचं. आजच. सगळ्यांपुढं."

नानांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "लई भ्या वाटतंय गं."

"वाटू द्या," मी म्हटलं आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. "मी हाय ना संगं. चला."