रानवाटाणी

“अहो, या कुंड्यांत आहे काय? नुसती माती! मिरच्या लावते मी.”

फोरमन खिडकीशी बसले होते. पक्षाघातानंतर त्यांची जीभ जड झाली होती. त्यांनी डावा हात उचलला. बायकोनं तो होकार समजला, चारही कुंड्या कचऱ्याच्या बादलीत उपड्या केल्या आणि बादली गाडीवाल्याला देऊन आली.

येऊन बघते तर फोरमन रडत होते. रिकाम्या कुंडीच्या काठाला एक पांढरा, दोऱ्याएवढा कोंब चिकटला होता. तिनं बोट लावलं, तसा तो मोडला.

कारखाना सुटला तरी घरीदारी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. वीजकेंद्रामागच्या उतारावर फिरताना त्यांना ही रानवाटाणी सापडली होती. वीतभर झाड, पिवळी फुलं, नखाएवढ्या शेंगा. उतार सपाट करून गाड्या उभ्या करायची जागा होणार असं कळलं, तेव्हा त्यांनी बी गोळा केलं. टरफल फार टणक, म्हणून एकेक बी कानशीवर घासून या कुंड्यांत पेरलं होतं.

“एकदा चल ना बघायला,” धडधाकट होते तेव्हा ते म्हणायचे.

“गवत बघायला? गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय माझ्या!” ती शिलाईयंत्रावरून मान वर न करता म्हणायची.

मिरच्या उदंड आल्या. फोरमन मुकाट्यानं जेवत राहिले. कुंड्यांचा विषय त्यांनी काढला नाही, तिलाही तोंड उघडवेना. थंडी सरता सरता ते गेले.

एका दुपारी मशीनवर झाकण घालून ती तिकडे गेली. उताराचं नाव नव्हतं, सगळं डांबर. कुंपणाच्या कडेनं ती वाकून वाकून शोधू लागली.

“बाई, काही हरवलंय का?” पहारेकऱ्यानं विचारलं.

“पिवळी फुलं येतात ते एक बारकं झाड...”

“फोरमनच्या घरच्या का तुम्ही?” त्यानं खांबाच्या बुडाशी बोट दाखवलं. “एवढंच उरलंय. पण उशीर केलात. फुलं उन्हाला मिटतात. फोरमन सकाळीच यायचे. म्हणायचे, बायकोला आणतो एकदा.”

ती चपला काढून खांबाशी बसली आणि मिटलेल्या फुलांवर पदराची सावली धरून राहिली.