बारा तारखा

वजनं तपासणाऱ्या कचेरीत सगळे त्यांना खांबकाका म्हणत. तराजूसमोर बसले की ते श्वाससुद्धा बेतानं घेत. अशा माणसाचा हात थरथरायला लागला, तर त्यानं तोंड कुठं लपवावं?

यंदा कचेरीत नवा, फार नाजूक तराजू आला होता. चिमट्यानं वजन ठेवून काचेचं दार लावलं, की तराजूच्या आरशातून भिंतीवर पडणारा उजेडाचा ठिपका थांबायला हवा. पण काही दिवशी तो थांबतच नसे. वजन ठेवताना आपलाच हात हलतो, अशी काकांनी मनाशी खूणगाठ बांधली. असे दिवस ते डायरीत ‘हात वाईट’ म्हणून टिपत आणि घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. शेवटी त्यांनी राजीनामा लिहिला. उद्या, सोमवारी, तो द्यायचा होता.

कप काही सुनेच्या नजरेतून सुटला नाही. ती भूकंपमापन केंद्रात कामाला. तिनं सरळच विचारलं, तेव्हा काकांनी आढेवेढे घेत डायरी पुढं केली. ठिपका कसा हलतो, असं तिनं विचारलं. संथ, काका म्हणाले, पाच-सहा सेकंदांत एकदा इकडून तिकडं.

“मग तो हात नव्हे, बाबा. हात इतका निवांत कापत नाही.”

तिनं केंद्रातले आलेख उघडले. दूर समुद्रात वादळ झालं की समोरासमोरून आलेल्या लाटा एकमेकींना भिडतात, त्यांचा दाब तळापर्यंत पोचतो आणि शेकडो मैलांवरची जमीनही कळेल न कळेल अशी डोलत राहते. केंद्रात हे डोलणं कटकट म्हणून गाळून टाकतात, असं ती म्हणाली. काकांना हसूच आलं. तीस वर्षं त्यांनी सगळ्यावर संशय घेतला होता, फक्त जमिनीवर नाही.

दोघं डायरीतल्या बारा तारखा आलेखांशी ताडून पाहू लागली. अकरा जुळल्या. बाराव्या दिवशी मात्र समुद्र शांत होता आणि आलेखाची रेघ जवळपास सरळ. काकांनी ती तारीख पुन्हा वाचली, मग खिशातून राजीनाम्याचा लिफाफा काढून तिच्यापुढं ठेवला.

“त्या दिवशी सकाळी मी हा लिहिला,” ते म्हणाले. “तेवढा एक दिवस माझा.”

तिनं लिफाफा फाडला आणि चहा ओतायला घेतला. काकांनी आपला कप एका हातानं पुढं केला.

“काठोकाठ भर.”