कुंकवाचा नग

दिनानाथ पाटकरांच्या पनवेलच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं एकच जप चालला होता: रॉकेटचं काम धरलं की आपले पंपाचे नगही सुधारतील. ते खरंही ठरलं. अवकाश केंद्राच्या नियमानं प्रत्येक माप लिहून ठेवायची सवय लागली आणि पंपवाल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. पाटकरांचे केसही साधारण तेवढेच उरले होते.

आज चाचणीचे बारा नग बघायला केंद्रातून कुमुद मॅडम आल्या होत्या. पास झाले तर पुरवठादारांच्या यादीत नाव, नाहीतर पुढची संधी वर्षानं. नग द्रवरूप ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हचे. तेलाचा, अगदी उघड्या हाताचाही, ओशटपणा राहिला तरी पेट घ्यायची भीती, म्हणून धुऊन, हातमोजे घालून पिशव्यांत बंद करायचे.

मॅडमनी पहिलीच पिशवी उजेडात धरली. आत नगावर लाल ठिपका.

"हा तुम्हीच बाद केलाय ना?" कारखान्यात लाल ठिपक्याचा अर्थ तोच. "मग अकराच धरते."

ठिपका कसला ते पाटकरांनी ओळखलं. अकरा तर अकरा. ते मान हलवणार, एवढ्यात उरणचा दयाराम, त्यांच्याकडे अठरा वर्षं लेथ चालवणारा टर्नर, दुखावला.

"बाद? ओ मॅडम, पयला नग हाय तो! कुंकू लावलंय त्याला."

"कधी?"

"धुतल्यावर. आदी लावलं तर धुऊन नाय जानार?"

तर्कात खोट नव्हती. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मोजे घालून?"

"मोज्यानं कुंकू कोन लावतंय?"

"आणि बाकीचे नग?"

"ते मंग भरले. त्याच हातानं."

दयारामला खोटं बोलता आलं असतं तर एव्हाना तो सुपरवायझर झाला असता.

"तुमच्या रॉकेटाला नारल नाय फोडत?" त्यानं विचारलं.

"फोडत असतील. व्हॉल्व्हच्या आत नाही."

मॅडमनी बाराही नग परत केले. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. "कुंकवाला आमच्याकडे कोड नाही हो," असं पुटपुटत त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वर्षाची तारीख टाकून निघाल्या.

पाटकर स्टुलावर बसले.

"शेठ, बाद हाय असं बोलायचं होतं तर मना डोला तरी मारायचा."

"मारला होता."

"मना वाटलं, कचरा गेला."

पाटकरांनी पंपाचा एक नग ओढला, माप घेतलं, आणि लिहून ठेवलं.