हातापाशी येणारे रोहू

"जीवरामभाऊ, बसा हो जरा. सकाळपासून तळ्याला किती फेऱ्या घातल्यात!" केंद्राच्या अधिकारी नूतन मॅडम म्हणाल्या.

"जीवले चैन नही, मॅडम."

जीवराम पुढच्या फेरीला लागलाही. चोपड्याजवळच्या या मत्स्यबीज केंद्रात चौदा वर्षं तो रोहू माशांचा वंश राखत होता. साहेब येत, बदलून जात. पुढच्या विणीसाठी नर-माद्या निवडायच्या त्या जीवरामनेच. रीत सोपी होती. खाद्य टाकल्यावर जो आधी हातापाशी येईल, तो तगडा. तो ठेवायचा, बाकीचे विकायचे. धुळ्याहून माणसं बीज न्यायला यायची, तेव्हा स्वारी चार दिवस जमिनीवर नसायची.

पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. यंदा पिल्लं वाकड्या पाठीची निघाली. मॅडमनी शोध घेतला, तेव्हा कळलं की तळ्यातले सगळे एकाच धीट मादीच्या पोटचे. तिची पोरं धीट, म्हणून तीच निवडली, मग त्यांचीही. चौदा वर्षं हा भला माणूस भावाबहिणींचीच लग्नं लावत होता!

म्हणून आज जुना वंश बाजारात जायचा होता. उद्या बाहेरून नवे मासे येणार होते.

"मॅडम, दोनचार ऱ्हाऊ द्या ना. बीजले नही, मन्हासाठे."

"एक जरी राहिला तरी नव्यांत मिसळेल, भाऊ."

"चूक मन्ही शे. त्यासनी नही."

मॅडमना ते पटत होतं, तरी त्यांनी मासे धरणाऱ्या आमश्याला हाताने खूण केली.

आमश्या चार गडी आणि मोठं जाळं घेऊन तळ्यात उतरला. दोनदा ओढलं. दोन्ही वेळा रोहू जाळ्याखालून चिखलात निसटले. जीवरामला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

आमश्या वैतागून काठावर बसला. "आसं त दिन बुडी जाई, जीवरामनाना. अन् मासाबी दुखाई ऱ्हायनात."

खरंच, जाळ्यात घासून माशांचे खवले पाण्यावर तरंगत होते. जीवरामने ते पाहिले आणि आणखी एक फेरी मारली. मग पेंडीची बादली घेऊन तो गुडघाभर पाण्यात शिरला.

"जाळं ऱ्हाऊ दे. टोपलं लई ये."

त्याने पेंड टाकली, हात पाण्यात धरले. "या रे, या," म्हणताना त्याला रडू आवरेना.

पाणी हललं. सगळ्यांत आधी जो हातापाशी आला, दर वर्षीसारखा त्याने तोच उचलला आणि या वेळी बाजाराच्या टोपल्यात ठेवला.