बदललेला प्रश्न

या, जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा, मागच्यांनाही पुढं येऊ द्या. आज तळवड्याच्या बरकतचाचांची गोष्ट सांगतो. आणि ती निम्मीच त्यांची आहे.

बरकतचाचांनी चहाचा कप बाजूला सारला आणि फोन मंजुषाच्या पुढ्यात ठेवला.

“वाच. मोठ्यानं वाच.”

मंजुषा हिंजवडीत एका कंपनीत कामाला. रविवारची सकाळ मात्र ताथवड्याच्या घरी बसून ती ‘कारखाना कट्टा’ला द्यायची. वर्कशॉपमधल्या माणसांनी तिथं प्रश्न टाकायचे आणि जाणत्यांनी उत्तरं द्यायची, असं हे संकेतस्थळ तिनंच उभं केलेलं. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनचा प्रश्न आला की सगळे बरकतचाचांची वाट बघत. तीस वर्षं ते प्रेसच बसवत आणि दुरुस्त करत आले होते.

तिनं वाचलं. “‘प्रेस चालू ठेवून, एका हातानं बटण दाबत, अडकलेला पत्रा दुसऱ्या हातानं कसा काढावा?’”

“आता माझं उत्तर.”

“‘घाबरू नका. आत हात घालून पत्रा तिरका करा, सुटून येईल.’”

“म्हंजे मी लोकांचे हात तोडायची सुपारी घेतलीय! खाली तेच लिहिलंय सगळ्यांनी. एक जण विचारतो, चाचा, तुमच्या गिऱ्हाइकांनी टाळ्या कशा वाजवायच्या?”

मंजुषाला हसू आलं. ते तिनं चहाच्या घोटात लपवलं.

“मूळ प्रश्नात ‘प्रेस बंद असताना’ असं होतं, चाचा. परवा बदललाय तो.”

“तेच म्हणतो मी. एकदा टाकलेला प्रश्न बदलायची सोयच काढून टाक. आज. त्याशिवाय मी उठणार न्हाई.”

“लोक बारीकसारीक चुका सुधारतात हो. कुणाचा मशीनचा नंबर चुकतो…”

“मग नवा प्रश्न टाकावा. साखरपुडा झाल्यावर नवरी बदलत्यात का? आणि हा तर धडधडीत खोटा हाय. प्रेसला बटणं दोन. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. दोन्ही हात बटणांवर, मग आत कुणाचा घालणार? सासऱ्याचा?”

मंजुषा फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. प्रश्न टाकणारीचं नाव कट्ट्यावर नव्हतं, नंबर मात्र तिच्याकडं होता. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि स्पीकर चालू केला.

“कुसुमताई, बोला. चाचा इथंच आहेत.”

“नमस्कार, चाचा.” आवाज चाळिशीतल्या बाईचा, मराठवाड्याकडचा. “मी चाकणला प्रेसवर आहे.”

“नमस्कार बाई. प्रश्न का बदलला? माझं नाव खराब झालं.”

“माफी करा. पण पहिला खोटा होता, बघा. सुपरवायझर वाचंल म्हणून भ्याले अन् ‘बंद’ लिहिलं. आमच्यात मशीन कुठं बंद करू देतेत? तुमचं उत्तर आलं, अन् तेवढंच त्यानं मोबाइलवर सगळ्या बायांना दाखवलं. म्हणला, बघा, मोठे मेस्त्रीच सांगतेत, घाला हात.”

चाचांनी फोन जवळ ओढला.

“लई दिवस झोप लागली नाही. मग म्हणलं, आता खरं लिहावं. खरं वाचून तरी कुणी ओरडंल.”

“पण बाई, दोन बटणं…”

“एक चिंधीनं आवळून ठेवलंय की. कायमचं दाबलेलं. माल लवकर निघतोय म्हणून. मशीन बसवणारा मेस्त्रीच करून देऊन गेला म्हणतेत.”

टेबलावर पसरलेला उजवा पंजा बरकतचाचांनी हळूच ओढून घेतला आणि मांडीखाली दाबला. बाहेर गॅसच्या गाडीची घंटी वाजून गेली.

“वर्कशॉपचं नाव नाही सांगणार मी,” कुसुमताई म्हणाल्या.

“नका सांगू. मला सगळीकडंच जायचंय.”

फोन बंद झाला. मंजुषानं लॅपटॉप उघडला.

“काढून टाकू का चाचा तुमचं उत्तर?”

“दुसरं लिही. मी सांगतो तसं. ‘आधी प्रेस बंद करा. चालू प्रेसमध्ये हात घालायला सांगणाऱ्याला माझा नंबर द्या. कुठल्या मशीनचं बटण बांधलेलं दिसलं तर मला बोलवा, मी येऊन सोडवीन.’”

मंजुषाची बोटं थांबली, तसे ते पुढं म्हणाले,

“लिही अजून. ‘अशी बटणं मीपण बांधून दिलीत. सात वर्कशॉपांत. मालक म्हणाले आणि मी बांधली.’ खाली नाव घाल, पूर्ण.”

“चाचा, लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? उद्या तुम्हालाच हे बदलावंसं वाटलं तर?”

“म्हणून तर सांगतो. माझ्या उत्तराला कुलूप घाल. मला उघडता येऊ नये असं.”

“आणि प्रश्नांना?”

चाचा उठले होते. दाराशी वाकून त्यांनी चपला घातल्या, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

“ते राहू दे तसंच,” ते म्हणाले. “चाकणला जाताना मोशीकडनं गर्दी कमी असंल का गं?”

तर मंडळी, चाचांचं नाव कट्ट्यावर आहे. कुणी शिव्या देईल, कुणी दुवा देईल. नाव घेतलं जाईल. त्या बाईचं नाव तिथं नाही. आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला तिला त्याच मशीनपुढं उभं राहायचं आहे, सुपरवायझरला ‘आधी बंद करा’ म्हणायला. देवापुढं हात जोडाल, तेव्हा कुसुमताईंची आठवण असू द्या.