ओढ्याकाठची जागा

“कात्री आणा रे, कात्री! वहिनींचा नेम चुकला!” माझा दीर डेलमार शेताच्या कडेवरूनच ओरडत आला.

मी बंदूक रिकामी केली आणि पाठ फिरवून उभी राहिले. नियम म्हणजे नियम. हरीण समोर असताना बार चुकला की शर्टाचा मागचा घोळ कापायचा आणि शेडच्या भिंतीला ठोकायचा. त्या भिंतीवर कित्येक वर्षांची लक्तरं लोंबताहेत, त्यांत डेलमारचीच जास्त. पण आज माझ्या अंगात व्हर्जिलचा शर्ट होता. एप्रिलमध्ये नवरा गेला, तरी थंडीत मला त्याच्याच लाल चौकड्यांच्या शर्टात ऊब वाटते.

“हळू काप,” मी म्हटलं, “व्हर्जिलचा आहे.”

“मग तर लाजच गेली! दादाच्या शर्टाला पहिल्यांदाच कात्री लागतेय,” तो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. सकाळी माझ्या हातचे दालचिनीचे रोल चापलेलीच ती तोंडं. माझा मुलगा ट्रेंट तेवढा हसला नाही. त्याला माझी दया आली असं मला वाटलं. आया अशाच मूर्ख असतात.

आमच्या आयोवात हरणाची शिकार म्हणजे हाका. निम्मे लोक झाडीतून ओरडत चालतात, निम्मे पलीकडे बंदुका घेऊन ठिय्यावर बसतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हाकारीणच. काट्याकुट्यांतून गुडघे सोलून मी घ्यायचे आणि फुशारकी दुसऱ्यानं मारायची. व्हर्जिलचा ठिय्या ओढ्याकाठी, सगळ्यांत मोक्याचा. त्याला मूठमाती दिली त्या दिवशी चर्चच्या तळघरात हॅमचं सँडविच खाताखाता डेलमार सगळ्यांसमोर म्हणाला होता, “वहिनी, ओढ्याकाठची जागा आता तुमची.”

त्या एका वाक्यावर मी उन्हाळा काढला. दिवसभर कामं उरकायची आणि संध्याकाळी गोठ्यामागे स्लग झाडायचे. छर्रे नव्हेत, अख्खी शिशाची गोळी. मका कापणीला आला तोवर मी साठ पावलांवरून कॉफीच्या डब्यांना भोकं पाडत होते. आणि आज भल्यामोठ्या शिंगांचा नर त्याहून जवळ आडवा उभा राहिला, तरी गोळी कुठे गेली कुणास ठाऊक.

बाकीचे कॉफीला गेले. मी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून बंदूक पुसायला घेतली. नळीच्या तोंडात अंगठा फिरवला आणि थबकले. एरवी सैल फिरणारा अंगठा आज अडकला.

नळीच्या तोंडाशी फिरवून बसवतात त्या नळकांडीला चोक म्हणतात. टर्की पक्षी मारायला आवळ चोक लागतो, छर्रे फाकू नयेत म्हणून. स्लगला मोकळा. आवळ तोंडातून स्लग दडपला की तो भरकटतो, आणि नशीब फुटकं असेल तर नळीही फुटते. म्हणून तर व्हर्जिल टर्कीचा चोक वेगळ्या कपाटात ठेवायचा. परवा बंदूक साफ करून देतो म्हणून ट्रेंट घेऊन गेला होता.

मी त्याला हाक मारली. “ट्रेंट, माझा चोक कुठाय?”

कुठला चोक, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही. त्याचा हात जॅकेटच्या खिशाकडे गेला.

“आई, चिडू नकोस ना.”

“खिशात घेऊन फिरतोयस?”

“नंतर गुपचूप लावणार होतो.”

“अरे, नळी फाटली असती तर? माझं तोंड होतं रे तिथे, डोळे होते!”

“नसती फाटली. शिसं मऊ असतं, निघून जातं. मी विचारून घेतलं होतं.”

“कुणाला?”

तो चिखलात बूट घासत राहिला. “डेलमारकाकांना.”

म्हणजे कात्री चालवताना त्या माणसाला सगळं ठाऊक होतं.

“त्यांना तुला तोंडावर नाही म्हणवेना गं. चर्चमध्ये बोलून बसले होते. म्हणाले, एकदा चुकली की आपणहून हाक्यात जाईल. आणि ती जागा मला. बाबांची जागा मला नको होती का?”

“मागायची होतीस.”

“दिली असतीस?”

“मागायची होतीस, ट्रेंट.”

दिली असती. हसत दिली असती, त्याचाच तर संताप. डेलमारचं काय, दीर तो दीर. पण पोटच्या पोरानं माझा नेम मोडला आणि वर चेहरा पाडून उभा राहिला, हे काही मला गिळता येईना.

त्यानं माझा चोक पुढे केला. मी आवळ चोक काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि माझा बसवला.

“चला, दुसरा हाका!” डेलमार आला. “ट्रेंट ओढ्यावर. वहिनी, तुम्ही रस्त्याकडच्या टोकाला. नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं,” मी म्हटलं.

शिट्टी झाली. रांग ओरडत झाडीत शिरली. मी माझ्या टोकाला उभीच राहिले. ओरडले नाही की पाऊल उचललं नाही. हाक्यात एक माणूस गप्प राहिला की तिथे वाट मोकळी होते, आणि हरणाला ते सगळ्यांच्या आधी कळतं. थोड्या वेळानं एक मादी आली आणि मला वळसा घालून मागे गेली. मग तो नर आला. सकाळचाच, अंगावर ओरखडाही नाही. दगड मारला तरी लागेल इतक्या जवळ थांबून माझ्याकडे बघत राहिला. बंदुकीत स्लग होता, चोक माझा होता. मी बंदूक खांद्याला लावली, नेम धरला, बराच वेळ धरून ठेवला.

पाडला असता तर सगळे धावत आले असते, पाठ थोपटली असती. मला ते हात पाठीवर नको होते. मी बंदूक उतरवली. नर रस्ता ओलांडून परक्याच्या रानात गेला.

हाका संपला. ओढ्यावर एकही बार झाला नव्हता. तिकडून ट्रेंटचा आवाज आला, “आई, तुझ्या बाजूनं काही निघालं का?”

त्याच्याशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

“नाही रे बाळा,” मी ओरडून सांगितलं, “काहीच नाही.”