ओढ्याचं वळण

अलीकडे

ओढ्याच्या अलीकडे जुनी नगरपालिका. इथं झाड तोडायचं तर आधी खोडावर नोटीस डकवायची, हरकतीला सात दिवस द्यायचे, मग साहेब येऊन बघून जाणार. खाजामियाँला हे तोंडपाठ होतं. त्याच्या पंक्चरच्या दुकानावर सावली धरणारी चिंच या नियमानंच वाचली होती. तोडण्याचा अर्ज पल्याडच्या शिवशंकरचा होता. त्याच्या प्लॉटिंगला हायवेवर तोंड हवं होतं आणि मधे चिंच, दुकान, घर. खाजामियाँनं हरकत घेतली. साहेब आले, चिंचेखाली चहा प्याले, अर्ज फेटाळला.

पलीकडे

पलीकडे नवी नगरपंचायत. कायदा तोच म्हणतात, पण तिथली झाडांची समिती अजून बसलीच नाही. शिवशंकरनं मान हलवली की करवत चालते. मागच्या उन्हाळ्यात रस्त्याकडेचे कडुलिंब गेले. सकाळी सावली, दुपारी बुंधे.

"खाजाचाचा, लई नशीबवान तुमी," जीपच्या चाकात हवा भरून घेताना शिवशंकर म्हणाला. "मधी ओढा हाय."

"अल्लाची मेहेरबानी, मालक."

"मग जपा त्याला."

मधोमध

ओढा दुकानाला वळसा घालून जायचा. पावसाळ्यात वळणावर तुंबायचा आणि टायरी तरंगायला लागायच्या. म्हणून खोलीकरणाला पोकलेन आलं तेव्हा सगळ्यांच्या आधी खाजामियाँच धावला. त्यानंच ऑपरेटरला हाताला धरून वळण दाखवलं.

"हे मोडून टाक, बाबा. घरामागनं सरळ काढ."

मशीनचा पाइप फुटला, तोही त्यानंच जोडून दिला. ऑपरेटर नुसता हसला.

त्याची बायको अजमतबी दारातून बघत होती. "मुफत में कोन खोदता जी?"

"सरकारी काम है."

"फिर मशीन पे शिवशंकर का फोटो कायकू?"

"उनो हर चीज पे फोटो लगाते. बकरी पे भी लगाएंगे."

ती हसली नाही. संध्याकाळपर्यंत जुनं वळण मातीनं बुजलं. नवा ओढा घरामागून, नगरपालिकेच्या बाजूनं, सुतासारखा सरळ वाहू लागला.

पलीकडे

चिंच तीच. दुकान तेच. बाकड्यावर शिवशंकर येऊन बसला, शेजारी करवतवाले दोघं.

"या चाचा, आमच्यात या."

"कुटं?"

"हितंच. हद्द म्हंजे ओढा. आज्ज्याच्या काळापासून."

खाजामियाँनं वळून बघितलं. घराच्या पाठीशी पाणी चमकत होतं, आणि त्याच्याही पलीकडे नगरपालिकेची पाण्याची टाकी. रोज दिसायची ती. आज लांब वाटली.

"मी मोजणी मागीन."

"मागा की. तारीख पडंल." शिवशंकरनं मान हलवली.

एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन उठला आणि चिंचेवर फुली ओढली.

"आन् नोटीस?" खाजामियाँनं विचारलं.

"वळण तुमीच दावलं न्हवं? आता कशाची नोटीस?" शिवशंकर हसला. "बरं, घराची नोंद कुटली?"

"नगरपालिकेची."

"म्हंजे पल्याडची. आमच्या दप्तरी हितं घरच न्हाई."

फुली मारणारा चिंचेपाशी थांबला नाही. तो दाराकडे चालू लागला. अजमतबीनं उंबऱ्यात दोन्ही हात आडवे धरले. त्यानं तिच्या बाजूच्या भिंतीवर ब्रश टेकवला.

डब्यात रंग अजून बराच होता.